दोन कुलपांचं कपाट

थांबा. आवाज खाली करू नका. इथे आलेला प्रत्येक माणूस माझ्यासमोर उभा राहिला की कुजबुजायला लागतो. आज मला मोठ्याने बोलायचं आहे. आज मला गप्प बसवत नाही.

मी कपाट. लोखंडी, राखाडी, माणसाच्या छातीएवढं उंच. मला दोन दारं आहेत, एकामागे एक, आणि दोन कुलपं. एका किल्लीने दोन्ही उघडत नाहीत, आणि एका माणसाकडे दोन्ही किल्ल्या कधी नसतात. इस्पितळाच्या औषधांच्या खोलीत मी अठ्ठावीस वर्षं उभा आहे. एवढ्या वर्षांत माझं कुलूप कुणी फोडलेलं नाही. हे मी फुशारकीने सांगतोय. सांगणारच.

माझ्या पोटात दुखणं थांबवणारी औषधं असतात. डोकं दुखलं म्हणून कुणीही विकत घेतो तसली नव्हेत. हाडात, आतड्यात, मणक्यात शिरलेलं दुखणं थांबवणारी. त्यांच्यासाठीच मला घडवलं.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. दुकानाचा मालक कामाला कडक आणि बोलायला त्याहून कडक. ठिणग्यांनी त्याच्या प्रत्येक सदऱ्याला भोकं पडलेली असायची, म्हणून लोक त्याला ठिणगी म्हणायचे. पाठीमागे. तोंडावर मिस्त्री.

इस्पितळाचा माणूस कागद घेऊन आला. "दोन दारं, दोन कुलपं, जाड पत्रा, आणि भिंतीला आतून चार बोल्ट."

"काय ठेवणार? सोनं?" मिस्त्रीने विचारलं.

"दुखण्यावरची औषधं."

मिस्त्री हसला. तो हसायचा म्हणजे नाकातून एकदा हवा सोडायचा. "इकडे माणूस विव्हळतोय आणि तुम्ही किल्ल्या शोधताय. छान."

"कायदाच तसा आहे, मिस्त्री."

"असेल. कायद्याचं तुम्ही बघा. पत्र्याचं मी बघतो."

आणि त्याने बघितलं. पत्रा त्याने स्वतः कापला, स्वतः वाकवला. कोपरे घासून असे गुळगुळीत केले की हात फिरवला तर सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते कळू नये. पण एक चूक झाली. आतल्या दाराची बिजागरी दोन सूत खाली लागली. दोन सूत म्हणजे पाव इंच. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. मिस्त्रीला दिसलं. दोन दिवस तो घरी कुणाशी बोलला नाही, असं त्याची बायको डबा घेऊन आली तेव्हा म्हणाली.

बिजागरी कापली असती तर चौकट वाकली असती. म्हणून त्याने दाराखाली लोखंडाची एक छोटी पट्टी बसवली. दार त्या पट्टीवर टेकायचं आणि सुरळीत फिरायचं. मग त्याने इस्पितळाच्या माणसाला समोर उभं केलं.

"ऐका. ठासून भरू नका. भरलंत तर आतलं दार बसेल. बसलंच, तर खालचा उजवा कोपरा दोन सूत उचला आणि मग किल्ली फिरवा. जोर लावू नका."

"हो हो," तो माणूस म्हणाला. आणि दुकानाच्या उंबऱ्याबाहेर पाय पडायच्या आत विसरला.

आतल्या कोपऱ्यात मिस्त्रीने वेल्डिंगचे तीन ठिपके सोडले होते. ती त्याची खूण. टेम्पोत चढवण्याआधी त्याने मला एक सणसणीत लाथ घातली. मी हललो नाही. मग बोटांच्या पेरांनी तीनदा टकटक केलं आणि म्हणाला, "जा. लाज राख."

राखली.

इस्पितळात माझी गाठ मोठ्या बाईंशी पडली. त्या औषधांच्या खोलीच्या प्रमुख. तेव्हा केस काळे होते, आता एकही काळा नाही. बाहेरच्या कुलपाची किल्ली त्यांच्याकडे. आतल्या कुलपाची किल्ली वॉर्डाच्या सिस्टरकडे. दोघी समोर असल्या तरच मी उघडणार. एकीला सर्दी झाली तरी दुसरीला तिची वाट बघावी लागायची. दोघींचं एकमेकींशी फारसं पटत नाही, पण माझ्यासमोर रोज चारदा भेटतात. कित्येक सख्ख्या बहिणी एवढ्या भेटत नसतील.

मी शाळा पाहिली नाही. पण कायदा मला पाठ आहे. कारण खोलीत नवा माणूस कामाला आला की मोठ्या बाई त्याला माझ्यासमोर उभं करतात, माझ्या दारावर तळवा ठेवतात आणि सुरू होतात.

"कागदावर अनुसूची म्हणतात, आपण वर्ग म्हणू. आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट. पहिल्या वर्गातलं औषध म्हणून मान्यच नाही, ते इथे येत नाही. दुसऱ्या वर्गातलं औषध खरं आहे, गुणकारी आहे, पण त्याची सवय लागायचा धोका सगळ्यांत मोठा. मॉर्फिन यातलं. दर वेळी डॉक्टरांची नवी चिठ्ठी, दोन कुलपं, दोन सह्या. तिसऱ्या वर्गाचा धोका त्याहून कमी. एकच चिठ्ठी ठरावीक वेळा चालते. चौथा आणखी सौम्य. पाचव्यात खोकल्याची काही औषधं, ज्यांत असलं काही नावापुरतं असतं. साधी डोकेदुखीची गोळी कुठल्याच वर्गात नाही. समजलं?"

"समजलं, बाई."

"मग सांगा. वर्ग कशावरून ठरतो?"

इथे सगळे फसतात. कुणी म्हणतं, दुखणं किती मोठं त्यावरून. कुणी म्हणतं, माणूस किती आजारी त्यावरून.

"चूक," बाई म्हणतात. "औषधाचा उपयोग किती आणि त्याचा गैरवापर व्हायचा, सवय लागायचा धोका किती, यावरून. वर्ग औषधाला असतो. रोग्याला नसतो."

अठ्ठावीस वर्षांत हे मी किती वेळा ऐकलं असेल! पण ऐकूनही न ऐकणारी माणसं असतात. आमच्या खोलीत एक मदतनीस आहे. पन्नाशीला आलेला, सज्जन, आणि भित्रा. गाठ मारली की दुसरी मारणार. नळ बंद केला की परत येऊन बघणार. एकदा त्याने जांभईसुद्धा दोनदा दिली म्हणे. सगळे त्याला दुप्पट म्हणतात, आणि तोही दोन हाका मारल्याशिवाय ओ देत नाही.

तर ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे तो दिवस.

सकाळी मोठ्या बाई हातात कागद घेऊन आल्या. "पिवळी गोळी आजपासून दुसऱ्या वर्गात गेली," त्या म्हणाल्या.

पिवळी गोळी म्हणजे तिसऱ्या वर्गातलं एक जुनं, भरवशाचं औषध. समोरच्या फळीवर राहायची. मी रोज तिला लांबून बघायचो. पण लोकांना तिची सवय लागत होती. एका चिठ्ठीवर पाच पाच वेळा गोळ्या न्यायच्या, घरात साठवायच्या, शेजाऱ्याला द्यायच्या, असं चाललं होतं. माणसं दगावली होती. वर बसणाऱ्यांनी वर्षभर विचार केला आणि तिला एक पायरी वर आणली. गोळी तीच, रंग तोच, गुण तोच. वर्ग बदलला.

माझ्या अंगावर शहारे आले. लोखंडाला शहारे येत नाहीत म्हणाल, पण मला आले. नवं कुणीतरी माझ्या आसऱ्याला येत होतं! एवढी जबाबदारी कुणावर टाकतात? ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्यावर.

बाई आणि सिस्टरने मला उघडलं. "पिवळीची खोकी आत लावा," बाईंनी दुप्पटला सांगितलं आणि त्या काउंटरवरच्या फोनकडे वळल्या. सिस्टर दाराशी उभी राहून वॉर्डातल्या कुणाला तरी ओरडत होती.

दुप्पटने पिवळीची खोकी लावली. मग त्याने विचार केला. माझ्या डोळ्यांसमोर त्याने तो विचार केला. आज पिवळी वर गेली, उद्या दुसरी गेली तर? म्हणून त्याने तिसऱ्या वर्गातली बाकीची खोकीही आत घातली. मग चौथ्या वर्गातली. मग खोकल्याच्या बाटल्या. काचेच्या, जड. पुठ्ठ्यांसकट, दोऱ्यांसकट. माझी आतली फळी कमानीसारखी वाकली. चौकट ओढली गेली. आतलं दार मिस्त्रीने बसवलेल्या पट्टीवरून घसरून खाली बसलं. दुप्पटने ते दार खांद्याने लोटून लावलं. सिस्टरने न बघताच किल्ली फिरवली आणि गेली. बाईंनी फोन कानाशी धरूनच बाहेरचं कुलूप लावलं.

मला ओरडायचं होतं. ठासून भरू नका! पण माझं ऐकतो कोण.

साडेअकराला काउंटरपाशी एक बाई आली. पस्तिशीची, उन्हाने रापलेली, गळ्यात शिट्टी. ती गाडी चालवायला शिकवणारी होती. आवाज असा की समोरचा आपोआप ब्रेक दाबेल.

"ही चिठ्ठी. नवी. डॉक्टरांकडून आत्ता आणली. पिवळ्या गोळ्या द्या, आणि एक काम करा. माझ्या बाबांना समजवा. मी हरले."

"काय झालं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"पाच महिने तीच गोळी घेतात. मणक्यात गाठ आहे. आज दोन वाजता किरणांच्या मशीनवर पहिली पाळी आहे. अर्धा तास पाठीवर सरळ, न हलता पडायचं. गोळी घेतली नाही तर दोन मिनिटंसुद्धा पडता येत नाही. आणि काल सकाळपासून घेतलेली नाही."

"का?"

"कालच पेपरात वाचलं. ही गोळी आता नशेच्या औषधांत, दोन कुलपांत. झालं. राहिलेल्या गोळ्या संडासात टाकल्या. म्हणाले, मी नशेबाज नाही. आज पाळी चुकली तर पुढची तीन आठवड्यांनी मिळेल. डॉक्टर म्हणाले, तेवढ्यात पाय जायचे. कायमचे."

"आहेत कुठे?"

"बाहेर. माझ्या गाडीत. मागच्या सीटवर. उतरत नाहीत."

मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं. गोळी पोटात जाऊन गुण यायला तास लागतो. एक वाजेपर्यंत गोळी पोटात जायला हवी होती. "दुप्पट! दुप्पट! चाकाची खुर्ची आणा. आणि सिस्टरना बोलवा."

आणलं त्याला. मान खाली, अंग आक्रसलेलं, कपाळावर घाम, सारख्या जांभया. खुर्चीच्या दांड्यावर हाताची पकड मात्र अशी की दांडा वाकावा. सदऱ्याला बारीक बारीक भोकं.

मी बघितलं. परत बघितलं. अहो, तो माझा मिस्त्री होता! माझा ठिणगी! अठ्ठावीस वर्षांनी! केस गेलेले, गाल बसलेले, पण तोच. मला टकटक करून "जा" म्हणणारा. आणि त्याला मी दिसत नव्हतो, कारण तो मान वर करत नव्हता.

"नमस्कार, मिस्त्री," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मला घरी सोडा."

"सोडू. आधी गोळी घ्या."

"घेणार नाही. माझ्या सख्ख्या भावाला गोळ्यांनी खाल्लं. चोरून आणायचा, मूठ मूठ खायचा. माझ्या दुकानातली हत्यारं विकली त्याने. मी त्याला घराबाहेर काढला. बारा वर्षं तोंड बघितलेलं नाही. आणि आता मी त्याच रांगेत उभा राहू?"

"बाबा," मुलगी म्हणाली, "माझ्या गाडीत माझ्या पायापाशी दुसरा ब्रेक आहे की नाही? तो काय शिकणारा गुन्हेगार आहे म्हणून असतो?"

"मी शिकाऊ आहे का?"

"असता तर बरं झालं असतं. ऐकलं तरी असतं."

सिस्टर धावत आली. "उघडा, उघडा, माझा वॉर्ड उघडा पडलाय," ती म्हणाली. बाईंनी बाहेरचं कुलूप उघडलं. बाहेरचं दार माझ्या नेहमीच्या ऐटीत उघडलं. सिस्टरने आतल्या कुलपाला किल्ली लावली.

फिरेना.

तिने दोन्ही हातांनी फिरवली. मी कण्हलो. पत्र्यावर पत्रा घासून करकरला.

"काय केलंय तुम्ही याला?" सिस्टर म्हणाली.

"मी? सकाळी आतलं कुलूप तुम्हीच लावलंत," बाई म्हणाल्या.

दुप्पटने तेल आणलं. एकदा घातलं, परत घातलं. फिरेना. बारा वाजून वीस मिनिटं. बाईंनी कुलूपवाल्याला फोन केला. तो म्हणाला, पाचला येतो. साडेबारा. सिस्टरने किल्लीवर असा जोर दिला की किल्लीच वाकायला आली. मी सांगतो, त्या वेळी मला माझ्या जाड पत्र्याची प्रथमच लाज वाटली. आत गोळी, बाहेर ती हवी असलेला माणूस, आणि मध्ये मी. माझ्या बापाला मीच अडवून उभा होतो.

"कटर मागवा," मुलगी ओरडली. "कापा हे डबडं!"

किल्ली पुन्हा करकरली. आणि खुर्चीतली मान वर झाली.

"थांबा," मिस्त्री म्हणाला.

सगळे थांबले.

"जोर लावू नका. परत फिरवा. हळू."

सिस्टरने फिरवली. करकर. मिस्त्रीने डोळे मिटून ऐकली.

"ठासून भरलंय ना?"

दुप्पटने तेलाची बाटली पाठीमागे लपवली.

"मला जवळ न्या."

मुलीने खुर्ची पुढे ढकलली. त्याने हात लांब केला. दाराच्या कडेवरून बोट फिरवलं, चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात नेलं आणि तिथेच थांबवलं. तीन ठिपके.

"हे माझं आहे," तो म्हणाला.

"काय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"कपाट. मी केलंय." मग त्याने पेरांनी माझ्या दारावर तीनदा टकटक केलं. "लाज राखायला सांगितलं होतं तुला."

राखली हो, राखली! अठ्ठावीस वर्षं राखली, दुप्पटने एका सकाळीत घालवली! हे सगळं मला सांगायचं होतं. पण तो तोवर कामाला लागला होता. कामाला लागलेला मिस्त्री दुखणाऱ्या मिस्त्रीहून निराळा असतो.

"खालचा उजवा कोपरा दोन सूत उचलायचा. मला वाकता येत नाही. तू कर," तो मुलीला म्हणाला. "गुडघा खाली टेक. अगं, ढकलू नकोस! उचल. तू पोरांना क्लच कसा सोडायला शिकवतेस?"

"हळू."

"मग तसं. हळू. अजून. अजून जराशी. बास. सिस्टर, आता किल्ली. दोन बोटांनी."

सिस्टरने दोन बोटांनी किल्ली फिरवली.

टक.

काय सांगू तुम्हाला! कुलूप उघडल्याचा आवाज मी आयुष्यात हजारो वेळा काढला असेन, पण तो एक आवाज निराळा होता. दार उघडलं आणि खोकी धबाधबा बाहेर पडली. एक बाटली घरंगळत थेट दुप्पटच्या पायाशी जाऊन थांबली.

मोठ्या बाईंनी ती उचलली. लेबल वाचलं. "खोकल्याचं औषध. पाचवा वर्ग. हे आत कसं आलं?"

"बाई, मी म्हटलं जास्त काळजी घेतलेली बरी."

"सगळंच कुलपात घातलं तर वर्ग कशाला केलेत? जे कुलपात हवं तेच कुलपात. बाकीचं फळीवर, हाताशी. जास्तीच्या काळजीने आज एका माणसाचे पाय गेले असते."

दुप्पटचा चेहरा पडला. तो एकदाच "चुकलं" म्हणाला. एकदाच. त्यावरून त्याला किती लागलं होतं ते कळलं.

पावणेएक. बाईंनी पिवळ्या गोळीचं पाकीट हातात घेतलं आणि मिस्त्रीसमोर उभ्या राहिल्या. पण दिलं नाही.

"मिस्त्री, तुम्ही हे दार एवढं मजबूत कुणासाठी केलंत? आजाऱ्यांना अडवायला?"

मिस्त्री माझ्या बिजागरीकडे बघत राहिला.

"तुमच्या दुकानात कुलपात काय असायचं?"

"काही नाही. हत्यारं उघडीच." तो थांबला. त्याचा श्वास तोकडा होता. "गॅसच्या टाक्या बांधून ठेवायचो. साखळीने, भिंतीला."

"का?"

"का म्हणजे? पडली तर दुकान उडेल."

"म्हणजे तुम्ही दुकान उडवणारे होता?"

त्याने बाईंकडे रोखून बघितलं. नाकातून एकदा हवा सोडली. अठ्ठावीस वर्षांनी ते हसू मी ऐकलं.

"आम्ही टाकी बांधायचो," तो म्हणाला. "वेल्डरला नाही."

"झालं तर मग."

"मला सवय लागेल?"

बाई खोटं बोलत नाहीत. "लागू शकते. आत्ता हा घाम आणि या जांभया आहेत ना, त्या एकदम बंद केल्यामुळे आहेत. शरीराला तिची सवय झालीय. म्हणूनच मोजून देतो. घड्याळ बघून घ्यायची, स्वतःहून वाढवायची नाही, स्वतःहून तोडायची नाही. थांबवायची वेळ आली की डॉक्टर पायरी पायरीने उतरवतील. आणि उरलेली घरात ठेवायची नाही, इथे परत आणायची. तुमचा भाऊ हे एकटा करत होता. तुम्ही एकटे नाही. हे दार उघडायलाच दोन माणसं लागतात."

मिस्त्रीने हात पुढे केला. बाईंनी आणि सिस्टरने सह्या केल्या. मुलीने पाणी दिलं. बारा वाजून बावन्न मिनिटांनी गोळी त्याच्या घशाखाली उतरली. मी बघितली.

दोन वाजता तो मशीनवर होता. अर्धा तास सरळ, न हलता. सिस्टर स्वतः बघून आली आणि मोठ्या बाईंना सांगायला मुद्दाम खोलीत आली. "हलला नाही हो," ती म्हणाली. दोघी माझ्यासमोर हसल्या. एकत्र. कामाशिवाय.

पुढे मिस्त्री बरेच दिवस येत राहिला. दर वेळी नवी चिठ्ठी. दर वेळी मला टकटक. एकदा तर खुर्चीत बसून त्याने मुलीकडून माझी बिजागरी दोन सूत वर घ्यायचा घाट घातला होता. मोठ्या बाई म्हणाल्या, हात लावायचा नाही, हे कपाट आता कायद्याच्या ताब्यात आहे. तो म्हणाला, कायद्याने माझी चूक माफ केली का? मग स्वतःच म्हणाला, राहू दे. ती आपली खूण आहे.

परवा तो आला तो चालत. हातात काठी, पण चालत! मला वाटलं माझे बोल्ट भिंतीतून सुटतात की काय. त्याने खिशातून पुडी काढून काउंटरवर ठेवली.

"अकरा गोळ्या. उरल्या. परत घ्या."

"थांबवल्यात?"

"डॉक्टरांनी उतरवल्या. पायरी पायरीने. तरी शेवटचे दोन दिवस फार वाईट गेले, बाई. थंडी, घाम, अंगात किडे फिरल्यासारखं. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. दोन दिवस फक्त. आणि मला डॉक्टर होते, मुलगी होती." त्याने पुडी बोटाने पुढे सरकवली. "त्याला मी भर पावसात बाहेर काढला होता."

बाईंनी गोळ्या मोजून वहीत नोंद केली. मिस्त्रीने मागे वळून हाक मारली, "ये रे."

दाराबाहेर एक सडपातळ माणूस उभा होता. नाक मिस्त्रीचंच. त्याने पाय आत टाकला नाही. माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला ती सवय आहे. माझ्यासमोर बरेच लोक मान खाली घालतात.

"मी इथेच बरा आहे," तो म्हणाला. "औषधांच्या खोलीत मला कोण घेणार?"

"कुलूप त्या गोळ्यांना आहे," मिस्त्री म्हणाला. "तुला नाही. आत ये आणि बघ तुझ्या दादाने काय घडवलंय ते."

तो आला. बाईंनी माझं बाहेरचं दार उघडलं. मिस्त्रीने त्याचं बोट धरलं आणि माझ्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर ठेवलं. लहान मुलाला पाटीवर गिरवायला शिकवतात तसं. भावाने विचारलं, "बिजागरी खाली लागलीय का रे, दादा?" आणि मिस्त्री नाकातून हसला. अठ्ठावीस वर्षांत ती चूक ओळखणारा तो पहिला माणूस. त्याच दुकानात शिकलेला.

आता माझं सांगतो आणि थांबतो. पुढच्या आठवड्यात इथे नवं कपाट येतंय. बोटाचा ठसा घेऊन उघडणारं. किल्ल्या नाहीत, करकर नाही. माझे बोल्ट काल सैल केले. मी खाली दुसऱ्या वॉर्डात जाणार, सिस्टरच्या टेबलामागे. तिथे माझ्यात काय ठेवतील ते ठरायचं आहे. मला वाईट वाटत नाही. वर्ग वर जातात, खाली येतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. माल तोच राहतो.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. उद्या तुमच्या घरातल्या कुणाला दोन कुलपांमागचं औषध लागलं, तर माझ्यासमोर कुजबुजू नका. चिठ्ठी ठेवा, मोठ्याने मागा, सांगितलं तसं घ्या, उरलं तर परत आणा. आणि कुणाचा पाय त्या गोळ्यांत अडकला असेल तर त्याला दाराबाहेर काढू नका. आत घ्या.

जो कुणी पुढे माझी किल्ली धरेल, त्याच्यासाठीही निरोप आहे. माझ्या बापाने दिलेला, पहिल्या दिवशीच विसरला गेलेला. ठासून भरू नका. दार बसलंच, तर जोर लावू नका. खालचा उजवा कोपरा दोन सूत उचला.

मी उघडेन.